खेचरांच्या डॉक्टरची पत्रं

दातांचे डॉक्टर आणि त्यांचे साडू, म्हणजे जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार, यांचं तीस वर्षांत एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. बायका सख्ख्या बहिणी, डॉक्टरांची थोरली आणि मोजणीदारांची धाकटी, म्हणून सहली मात्र एकत्र निघत. यंदा ती प्रसिद्ध रणभूमी बघायची ठरली. न वाचता रणभूमीवर जाणं म्हणजे एक्स-रे न काढता दाढ उपटणं, असं डॉक्टरांनी जाहीर केलं आणि चौघं पुस्तकांच्या दुकानात गेली.

दुकानदार बाई चष्मा डोक्यावर सारून शिडीवर चढल्या. त्या एका लढाईवर त्यांच्याकडे अकरा पुस्तकं होती. जिंकलेल्यांची चार, हरलेल्यांची सात. असं कसं, म्हणून थोरलीनं विचारलं.

"जिंकलेल्याला एकच गोष्ट सांगायची असते," बाई म्हणाल्या. "हरलेल्याला कारणं द्यायची असतात."

डॉक्टरांनी जिंकलेल्या सेनापतीचं आत्मचरित्र उचललं. उशाला घेतलं तर मान धरेल एवढं जाड. मोजणीदारांनी मुद्दाम हरलेल्या बाजूचं घेतलं, त्यात नकाशे आहेत या सबबीवर. थोरलीनं काहीच घेतलं नाही. नवऱ्याचं पुस्तक आपल्याला ऐकावं लागणारच, हे ती ओळखून होती. धाकटीनं खालच्या फळीवरून एक बारकं पुस्तक काढलं: सैन्याच्या खेचरांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरनं बायकोला लिहिलेली पत्रं.

रणभूमी म्हणजे निघाला एक लांबलचक उतार, चार गंजक्या तोफा आणि एक स्वच्छतागृह. सेनापतीनं क्षण अचूक हेरून इथूनच धडक मारली, असं डॉक्टरांनी वाचून दाखवलं. मोजणीदारांनी लगेच आपलं पान उघडलं. शत्रूला आत ओढायला सैन्य ठरवून मागे सरलं होतं म्हणे. एव्हाना दोघं 'आम्ही' आणि 'तुम्ही' म्हणू लागले होते.

"ठरवून कसले," डॉक्टर म्हणाले. "पायताणं टाकून पळालात तुम्ही."

मग धाकटी वाचू लागली. "खेचरांना दोन दिवस पाणी नव्हतं. आज वारा फिरला, त्यांना ओढ्याचा वास लागला आणि ती उतारावरून सुटली. सगळ्यांचा शिधा त्यांच्याच पाठीवर, म्हणून सैन्य मागे धावलं. समोरच्यांना वाटलं, हल्ला आला. तेही धावले, उलट्या दिशेनं. आपण जिंकलो, हे संध्याकाळी कळलं."

तेव्हा साडूंचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं: जनावरांच्या डॉक्टरला लढाईतलं काय कळतं.

"तुमच्या पुस्तकांत इथं मेलेल्या एखाद्या साध्या माणसाचं नाव आहे का?" धाकटीनं विचारलं.

दोघांनी बराच वेळ पानं चाळली. नव्हतं. खेचरांच्या डॉक्टरनं मात्र मेलेल्या आठही हाकणाऱ्यांची नावं लिहिली होती, आणि खेचरांचीसुद्धा. धाकटीनं ती सावकाश वाचली. एका हट्टी खेचराचं नाव 'सेनापती' होतं. तिथं दातांच्या डॉक्टरांना हसू फुटलं.

मोजणीदार पावलं मोजत उतार उतरले. ओढा खरंच होता, स्वच्छतागृहाच्या मागे, घोटाभर पाण्याचा. डॉक्टरही खाली आले. दोघं बूट काढून पाण्यात शेजारी शेजारी उभे राहिले.

परतीच्या बसमध्ये दोघांनीही धाकटीकडे ते पुस्तक मागितलं. अजून तीन पत्रं राहिलीत, असं सांगून तिनं खिडकीकडे तोंड फिरवलं.