आतली आवराआवर

धाकट्याला सगळे ‘रेडिओ’ म्हणत. सलूनच्या खुर्चीत गिऱ्हाईक टेकलं, की वस्तरा आणि जीभ एकदमच सुरू. फिटचा आजार लहानपणापासूनचा, पण गोळ्या चालू होत्या म्हणून सगळं सुरळीत. मग गोळी बदलली आणि हात बारीक थरथरायला लागला.

“अरे, दाढी करतोयस की माझ्या गळ्यावर सही करतोयस?” एका गिऱ्हाइकाने थट्टा केली. सगळे हसले, तोही हसला. आणि कुणाला न सांगता त्याने गोळ्याच सोडल्या. हात कसा स्थिर झाला! बिचाऱ्याला वाटलं, जिंकलो.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी फिट आली, ती थांबेचना. थोरल्या बहिणीने त्याला कुशीवर वळवलं, गाडी बोलावली, देवाला हाका मारून मारून घसा बसवून घेतला. दवाखान्यात शिरेतून औषध गेलं, तेव्हा कुठे अंग शांत झालं.

“सुटलो गं बाई,” ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई तिच्याशेजारी बाकावर बसल्या. “इतका वेळ मेंदूतल्या पेशींना क्षणाची उसंत नव्हती. आता त्या रोजचं काम टाकून आतली मोडतोड आवरत बसल्यात. ज्यांना आवरणार नाही, त्या आपणहून मिटतील.”

“म्हणजे आत मरणं अजून चालूच आहे?”

“हो. आणि सावरणंही.”

त्या अदृश्य जिवांसाठी ती हात जोडून बसली. देवा, त्यांना बळ दे रे, पसारा मोठा आहे.

काही दिवसांनी धाकट्याने डोळे उघडले. “ताई!” म्हणाला. तिला आभाळ ठेंगणं झालं. ती पाणी घेऊन आली, तर पुन्हा तेच, “ताई! तू कधी आलीस?”

जुनं सगळं शाबूत होतं; नवं काही टिकत नव्हतं.

घरी आल्यावर तिने वस्तरे काढून टाकले. गोळ्या ती स्वतःच्या हाताने द्यायची. हात पुन्हा थरथरू लागला. पण रोज सकाळी तो भांग पाडून घरापुढच्या सलूनमध्ये जायचा, रोज ती त्याला फिटचं, विसरण्याचं, काम बंद झाल्याचं सगळं सांगायची, आणि रोज ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखा त्याचा चेहरा पडायचा. एकच वाईट बातमी, रोज ताजी.

एका सकाळी तिची जीभच उचलेना. ती मुकाट्याने खुर्चीत बसली. “जरा शेंडे काप बाबा माझे.”

काय खुलला तो! कात्री थरथरत होती, रेडिओ मात्र खणखणीत. कुठे तिरपे, कुठे आखूड, कसेबसे केस कापून झाले. त्याने ऐटीत आरसा धरला. ती म्हणाली, “झकास!”

दुसऱ्या दिवशी तिला पाहून तो हबकलाच. “अगं ताई, हे काय डोकं! कुठल्या गवंड्याकडून कापून घेतलंस?”

“होता एक.”

“त्याला आधी काम शिक म्हणावं. चल, बस. मी नीट करून देतो.”

ती बसली. त्याने तिच्या गळ्याभोवती कापड गुंडाळलं, आणि आरशात त्याला आपला चेहरा दिसू नये म्हणून तिने मान खाली घातली.

“मान वर, ताई,” तो म्हणाला.