वैजनाथ सरांचा नमुना पाठ

औंढा तालुक्यात शिक्षकांचं कुठलंही प्रशिक्षण असो, शेवटी वैजनाथ सरांचा नमुना पाठ ठरलेलाच. नमुना पाठ म्हणजे एका मास्तरानं बाकीच्या मास्तरांसमोर लेकरांना शिकवून दाखवायचं. वैजनाथ कऱ्हाळे सर उभे राहिले की माईकची गरज पडत नसे. ते प्रश्न विचारायचे आणि लेकरं अशी धडाधड उत्तरं द्यायची की मागच्या रांगेत पेंगणारे गुरुजीसुद्धा सावरून बसायचे. इतक्या वर्षांत त्यांचा एकही पाठ फसला नव्हता, आणि हे स्वतःच्या तोंडानं सांगायला ते कधी लाजले नाहीत.

या पाठांचं एक गुपित होतं. ते तालुक्यातल्या झाडून सगळ्या मास्तरांना माहीत होतं, कारण तेही तेच करायचे. कोणी पाहायला येणार म्हटलं की आदल्या दिवशी लेकरांकडून उत्तरं घोटून घ्यायची. कोणी काय बोलायचं, कोणी कुठं बसायचं, सगळं ठरवून टाकायचं. यात खोटेपणा आहे असं कुणालाच वाटत नसे. पाहुणे येणार म्हणून आपण अंगण सारवतो, त्यातलाच हा प्रकार, असं सरांचं म्हणणं होतं.

पहिलीला राज्याचा नवा अभ्यासक्रम लागू झाला तेव्हा तालुक्याचा सुलभक कोण, असा प्रश्नच आला नाही. सुलभक म्हणजे मास्तरांना शिकवणारा मास्तर. वैजनाथ सर हिंगोलीला जाऊन शिकून आले, जाडजूड पुस्तिका घेऊन आले आणि त्यातल्या सगळ्या निष्पत्ती, म्हणजे वर्षाअखेर लेकराला काय काय यायला पाहिजे ते, त्यांनी तोंडपाठ केल्या. पाठ करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'मूल आपला अनुभव स्वतःच्या शब्दांत, घरच्या बोलीत सांगतं.' हे वाक्य सर इतक्या छान आवाजात म्हणून दाखवायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, झालंच की काम.

घोळ केला तो सुनिता मॅडमनी. जिल्ह्याच्या प्रशिक्षणाचा सगळा कारभार त्यांच्याकडे. आवाज मऊ, बोलणं मोजकं. मऊ बोलणाऱ्या माणसाला वैजनाथ सर नेहमी कमी लेखायचे, आणि नेहमी तिथंच फसायचे. मॅडमनी सांगितलं की यंदा पीपीटी मागून. सुलभकानं आधी अनोळखी लेकरांसोबत एक तास घेऊन दाखवायचा, तोही सगळ्या शिक्षकांसमोर. औंढ्याला खैरीच्या तांड्यावरची पहिलीची लेकरं येतील. तास जमला तर पुढचे चार दिवस त्यांचे. नाही जमला तर औंढ्याचं प्रशिक्षण वसमतचे बालाजी सर घेतील.

आता हे बालाजी सर म्हणजे वसमत तालुक्यातल्या हट्टा गावचे. त्यांची आणि वैजनाथ सरांची चढाओढ इतकी जुनी, की सुरू कशावरून झाली हे दोघांनाही आठवत नसावं. वसमतच्या माणसानं औंढ्याला येऊन शिकवायचं आणि आपण खाली सतरंजीवर बसून ऐकायचं, या कल्पनेनंच सरांचं जेवण उडालं. वरून मात्र त्यांनी मॅडमना सांगितलं, "औंढ्याची काळजी करू नका. ते माझ्यावर सोडा."

आणि लगेच शनिवारी ते मोटारसायकल काढून खैरीच्या तांड्यावर गेले.

तिथली शिक्षिका मिना राठोड दुसऱ्या तांड्यावरची, पण बंजारा बोली तीच. पोरं तिच्या अंगाखांद्यावर असायची. "इकडून चाललो होतो, म्हटलं भेटून जावं," सर म्हणाले. रस्ता तांड्यापाशीच संपत होता, पुढं नुसती टेकडी होती. सर ताकाला येऊन भांडं लपवतायत, हे मिनाला कळत होतं, पण तिनं आधी चहा सांगितला. मग सरांनी भांडं बाहेर काढलं. लेकरं जरा पाहून घेतो म्हणाले.

"अनोळखी लेकरं पायजेत म्हणल्या होत्या ना मॅडम?" मिनानं विचारलं.

लेकरांसाठी आपण अनोळखी नसलो म्हणजे त्यांना भीती वाटणार नाही, असा सरांचा युक्तिवाद होता. मिना वयानं लहान, नोकरीनं त्याहून लहान. तिनं लेकरांना हाक मारली.

सरांनी लेकरांना ओळीनं बसवलं. विषय त्यांनी धूर्तपणे निवडला होता, आठवडी बाजार, कारण बाजार प्रत्येकानं पाहिलेला असतो. पाच प्रश्न, पाच लेकरं, पाच उत्तरं. पहिला कुलदीप. बाजाराला कोणासोबत गेलास? आजोबासोबत. दुसऱ्याला, कशात बसून गेलास? जीपमध्ये. तिसऱ्याला, काय पाहिलंस? मोठी म्हैस. चौथ्याला, काय घेतलंस? नव्या चपला. पाचव्याला, कसं वाटलं? लय मजा आली. दुपारपर्यंत लेकरं अशी तयार झाली की प्रश्न अर्धा व्हायच्या आत उत्तर बाहेर. पोरांची नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत सर पडले नाहीत, कुलदीपचं तेवढं कानावर पडलं. त्यांच्या पद्धतीत नावापेक्षा जागेला महत्त्व होतं.

ओळीत सहावी एक मुलगी होती, आरोही. तिनं सरांकडं टक लावून पाहिलं, पण तोंड उघडलं नाही. हिला राहू द्या, नुसती बसंल, असं सर म्हणाले.

"ती दिवसभर बोलती सर," मिना म्हणाली. "निस्ती मराठीत बोलत न्हाई."

पण प्रश्न पाचच होते, आणि सरांना घरी जायची घाई होती.

तासाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. साठेक शिक्षक सतरंज्यांवर, मॅडम एका बाजूला खुर्चीवर, आणि मागच्या भिंतीला टेकून, 'सहज आलो' म्हणत, बालाजी सर. मिना लेकरांना घेऊन आली ती घाईघाईनं वैजनाथ सरांकडं गेली. कुलदीप मामाच्या लग्नाला गेलाय, असं ती सांगू लागली, पण तोवर मॅडमनी सरांचं नाव पुकारलं होतं. सरांनी हातानंच 'होईल सगळं' अशी खूण केली. ओळीत पुढं एक जागा रिकामी दिसत होती. रिकामी जागा बरी दिसत नाही, म्हणून सरांनी स्वतःच सगळ्या लेकरांना एकेक घर पुढं सरकवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"बाळांनो, आपण बाजाराला जातो ना?" सरांनी खणखणीत सुरुवात केली. मग पहिल्या जागेवरच्या मुलाला प्रेमानं विचारलं, "तू कोणासोबत गेला होतास?"

"जीपमधी," मुलगा म्हणाला.

सर किंचित थबकले. जीपमध्ये, वा, असं म्हणून त्यांनी ते निभावून नेलं आणि पुढच्याला विचारलं, कशात बसून गेला होतास?

"मोठी म्हैस."

मागून कोणीतरी खुदकन हसलं. थांबावं हे त्यांना कळत होतं, पण पाठ केलेल्या माणसाचं असंच असतं, एकदा घसरण लागली की पाय थांबत नाहीत. काय पाहिलंस, या प्रश्नाला तिसऱ्यानं अभिमानानं सांगितलं, नव्या चपला. काय घेतलंस, याला चौथा ओरडला, लय मजा आली. आता सगळं सभागृह हसत होतं. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता. काय घडलंय हे प्रत्येकाला बरोबर समजलं होतं, कारण प्रत्येकानं आपापल्या शाळेत अशीच ओळ बसवलेली होती. तरी हसणं ते हसणंच. बालाजी सरांनी तर रुमाल तोंडाला लावला होता. मॅडम हसत नव्हत्या, आणि त्याचीच सरांना जास्त भीती वाटली. औंढा गेला, असं त्यांच्या मनात स्पष्ट उमटलं.

एक प्रश्न उरला होता. जीभ सवयीनं चालली आणि तो प्रश्न पाचव्या जागेवर जाऊन पडला. तिथं आरोही बसली होती. तिच्याकडं घोटलेलं उत्तर नव्हतंच.

"बाजारात कसं वाटलं?" सरांनी विचारलं. यावेळी आवाज बारीक आला.

आरोहीनं मिनाकडं पाहिलं. मिनानं मान हलवली. मग ती मुलगी बोलायला लागली, आणि थांबेचना. तिच्या बोलण्यातलं 'याडी' म्हणजे आई, एवढं सोडलं तर सरांना काही म्हणता काही कळलं नाही. ती हातांनी काहीतरी ओढून दाखवत होती, मान वळवून मागं पाहून दाखवत होती. हसणं हळूहळू थांबलं.

वैजनाथ सर तिच्यासमोर सतरंजीवर बसले. "मिना मॅडम," ते म्हणाले, "ही काय म्हणून राहिली? मला कळलं न्हाई."

'मला कळलं नाही' हे शब्द वैजनाथ सरांच्या तोंडून तालुक्यानं कधी ऐकले नव्हते.

मिनानं सांगितलं. आरोहीकडं एक काळं करडू होतं. तिनंच ते पाला घालून वाढवलं. मोठं झालं तसं बापानं बाजारात नेलं, आणि दोरी आरोहीच्याच हातात होती, कारण ते दुसऱ्या कोणामागं चालत नसे. गिऱ्हाइकानं दोरी घेतली तेव्हा करडानं मागं वळून पाहिलं. मग याडीनं तिला जिलेबी घेऊन दिली.

"आन् जिलेबी गोड लागली, म्हणून तिला सोताचाच राग आला म्हणती," मिना म्हणाली.

सरांनी विचारलं, ते करडू चालताना कसं चालायचं. मिनानं तिच्या बोलीत सांगितलं आणि आरोहीनं चालून दाखवलं. ते रात्री कुठं बांधायचे, ते काय खायचं, त्याला नाव होतं का, असं सर विचारत गेले. यातलं एकही उत्तर त्यांना आधीपासून माहीत नव्हतं. सरांनाच ऐकायची ओढ लागली होती. बाकीची चारही पोरं आता मध्येमध्ये बोलू लागली, कोणी मराठीत, कोणी तांड्याच्या बोलीत. म्हैसवाल्या मुलानं तर सांगून टाकलं की त्यानं म्हैस पाहिलीच नव्हती, बाजारात तो हरवला होता आणि एका भजेवाल्यानं त्याला टेबलावर उभं केलं होतं.

बऱ्याच वेळानं सुनिता मॅडम उठून पुढं आल्या. लेकरांचं बोलणं तुटू नये म्हणून त्या सरांच्या कानाशी वाकल्या. "पहिल्या पानावरचं वाक्य ते हेच, सर," त्या म्हणाल्या. "सुरुवात मी विसरले. पुढचे चार दिवस तुमचे."

वैजनाथ सरांचा जीव भांड्यात पडला. औंढा राहिला होता. आता लेकरांसाठी टाळ्या वाजवायच्या, खाऊ वाटायचा, मग पीपीटी लावायची, आणि झाकली मूठ सव्वा लाखाची. ते गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले.

तेवढ्यात आरोहीनं त्यांच्या शर्टाची बाही धरली आणि काहीतरी विचारलं. मिना आधी हसली, मग संकोचली. लेकरू हाय सर, असं म्हणाली.

सांगा की, सर म्हणाले.

"ती इचारून राहिली, तुमचं बी कधी काही इकलं का?"

सर अर्धवट उठलेले तसेच राहिले. टाळता आलं असतं. पाठ जमला होता, वेळ संपली होती, आणि मागं बालाजी सर होते. आज जे काही बोलणं होईल ते उद्या वसमतला चहाच्या टपरीवर मीठमसाला लावून सांगितलं जाणार, यात शंका नव्हती. पण बाही धरलेला हात सुटत नव्हता. सर पुन्हा खाली बसले.

"मी ल्हान असताना आमच्याकडं एक गोऱ्हं व्हतं," ते म्हणाले, आणि व्यासपीठावरची मराठी कुठल्या कुठं गेली. "तांबडं. माह्याच हातानं चारा खायचं. मी शाळेतून येऊन राहिलो की लांबूनच हंबरायचं. एका दिशी आलो, तर हंबरलं न्हाई. गोठ्यात गेलो. नुसतं दावं पडलेलं व्हतं."

मिना आरोहीच्या कानात हळूहळू सांगत होती. सभागृहात कोणी मोबाईल पाहत नव्हतं, बालाजी सरही नाही.

आरोहीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं स्वतःच्या गालावरून बोट खाली ओढून दाखवलं आणि छोटासा प्रश्न विचारला. तो मिनाला सांगावा लागला नाही, सरांना कळला.

"व्हय," वैजनाथ सर साठ शिक्षकांसमोर म्हणाले. "लय रडलो. दुसऱ्या दिशी शाळेत गेलो, तं गुरुजीनं पाढे इचारले. काय झालं, ते कोणी इचारलंच न्हाई."