उकडलेल्या भाजीचं पाणी

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मावशींनी एकतीस वर्षं तीनशे माणसांना जेवू घातलं, पण भाजीचा देठसुद्धा कधी वाया जाऊ दिला नाही. आणि आता घरात, त्यांच्या डोळ्यांदेखत, सून बटाट्याच्या पातळ चकत्या करून भिजत घालायची, ते पाणी फेकायची, मग पातेलंभर ताज्या पाण्यात उकडायची आणि तेही मोरीत ओतायची. मावशींचा जीव तुटायचा.

"अगं, सगळं सत्त्व त्या पाण्यात उतरलं! माझ्या पोराने काय चोथा खायचा?"

"आई, कागदावर लिहिलंय फेका, की फेकायचं."

का फेकायचं, ते तिने सांगितलं नाही आणि यांनीही विचारलं नाही. दोघीही तशाच हट्टी! पोराची मूत्रपिंडं दोन वर्षांपासून दगा देत होती, आणि तो कागद फ्रिजवर चिकटवलेला होता: केळं नाही, संत्रं नाही, टोमॅटो नाही, मीठ चिमटीभर. उरलेल्या चार जिनसांत सून रोज डोकं चालवायची. आज कोबी आणि अंड्याचा पांढरा भाग, उद्या भोपळी मिरचीत भरलेला भात, परवा वाफवलेल्या सफरचंदाच्या फोडी. मग शिवणाच्या दुकानात पळायची.

लिफ्ट दुरुस्त करणारा तिचा नवरा, दहा-दहा मजले जिन्याने चढणारा गडी, आता भरदिवसा खुर्चीत झोपायचा. मावशी समोर बसून त्याची छाती वरखाली होते ना, ते बघत राहायच्या. जरा श्वास लांबला की पुढे वाकून त्याच्या नाकाशी बोट धरायच्या. शेवटी त्यांना राहवेना. "जा तू, उशीर होतोय तुला. भाजीचं पाणी मी ओतून देते," असं त्या सुनेला म्हणायला लागल्या. ती गेली की ते पाणी आटवायचं, वर मिरपूड टाकायची, आणि पेला पोराच्या हातात.

"हे चालतं ना गं?" त्याने पहिल्या दिवशी विचारलं.

"मिठाचा कण नाही त्यात. पी मुकाट्याने."

तोही प्यायला. किती दिवसांनी तोंडाला चव आली म्हणाला, आणि मावशींना आभाळ ठेंगणं झालं.

आणि काल संध्याकाळी रक्ताचा रिपोर्ट आला. पोटॅशियम नको तितकं वाढलेलं. सकाळीच या, असा दवाखान्यातून फोन आला. सून रात्रभर वही घेऊन बसली, महिनाभराचं जेवण लिहीत आणि खोडत. "माझंच काहीतरी चुकतंय," एवढंच म्हणत होती.

आता पोरगा आतल्या खोलीत ईसीजीच्या वायरी लावून पडला होता आणि या दोघी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंसमोर बसल्या होत्या. बाईंनी वही वाचली.

"भाज्यांचं पाणी फेकता ना?"

"दोन्ही वेळा," सून म्हणाली.

"नक्की? कारण सगळं पोटॅशियम त्या पाण्यात उतरतं. ते पोटात गेलं तर हृदय बंद पडू शकतं, अगदी बोलता बोलता."

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. आता बोलावं, आता बोलावं, असं करता करता बाईंनी वही मिटलीसुद्धा.

"जेवणात तर चूक दिसत नाही. म्हणजे मूत्रपिंडंच संपत आली असणार. डॉक्टर डायलिसिसचं बोलतील, मनाची तयारी ठेवा."

बाहेर बाकावर सून तोंडावर ओढणी धरून रडायला लागली. मावशी शेजारी बसल्या. माणसाचं मन केवढं लबाड बघा! पोराचा जीव टांगणीला लागलेला आणि मावशींच्या डोक्यात काय, तर सून काय म्हणेल, शेजारी काय म्हणतील, पुन्हा या घरात चुलीला हात लावू देतील का. गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? पण गप्प बसलं तर पोरगा आयुष्यभर मशीनला टांगला जाणार होता, तोवर वाचला तर.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "ते पाणी मी फेकत नव्हते. त्याला पाजत होते."

सुनेचं रडं जागच्या जागी थांबलं. ती ओरडेल, असं मावशींना वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आज?" तिने विचारलं. "आई, आज दिलंत?"

"पहाटे, तू अंघोळीला गेलीस तेव्हा. दोन पेले. काल रिपोर्ट वाईट आला ना, म्हटलं जरा ताकद..."

सून धावत सुटली. मग नर्स धावली, आतून डॉक्टर हातात आलेखाची पट्टी घेऊनच बाहेर आले. किती दिवस, केवढा पेला, कुठकुठल्या भाज्या, त्यांनी भराभर विचारलं.

"सव्वीस दिवस," मावशी म्हणाल्या. "एकही चुकवला नाही."

"आता सांगितलंत ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाले, पण ते मावशींकडे बघत नव्हते. "आयसीयूत हलवा त्यांना, लगेच."

पोराला चाकाच्या खुर्चीत बसवून आणलं. ओठ पांढरे पडलेले, हात मांडीवर ढिले. आईचा चेहरा बघून तोच तिला धीर द्यायला लागला.

"घाबरतेस काय अशी? तुझ्या पाण्यावरच तर एवढा तगलोय मी."

सुनेने मान फिरवली. ते तिने सांगायचं नव्हतं.

"नाही रे राजा," मावशी म्हणाल्या. "त्यानेच झालं हे. मीच केलं."

खुर्ची ढकलणारा थांबला नाही. पोराने मान वळवून आईकडे पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दार लागलं.