तांबडीची साक्ष

दूध संकलन केंद्रासमोर रोज सकाळी कॅन घेतलेल्या माणसांची रांग लागायची. त्या दिवशी माणसं चक्क गाई घेऊन उभी होती. दूध घालायला नव्हे हो, गाईंची साक्ष काढायला! शहरातल्या प्लँटवरून केंद्राचं दूध 'पाणी आहे' म्हणून सारखं परत येत होतं. चोर सापडेना. मग चेअरमननी काय करावं? दुधात तरंगवून पाणी ओळखायचा काटा कपाटात ठेवला आणि गाईंशी बोलणाऱ्या गोवाणी महाराजांना बोलावलं.

"माणूस खोटं बोलतो, गाय कधीच नाही!" महाराज गरजले. "कारण तिच्या पोटाला चार कप्पे! सत्य ती चारदा रवंथ करते, मगच बाहेर काढते!"

"वा!" गर्दी म्हणाली. कशाला वा, ते गर्दीलाच ठाऊक.

मावशी आपल्या तांबडीचं दावं घट्ट धरून उभी होती. नवरा गेल्यापासून तिचं घर या एका गाईवर चाललं होतं. ज्याची गाय 'हो' म्हणेल त्याचं दूध उद्यापासून बंद, असा ठराव झाला होता, आणि दुसरं केंद्र जवळपास नव्हतं.

पुढच्या तिघांच्या गाईंनी मान झटकून नकार दिला. ते तिघं आदल्या संध्याकाळी महाराजांना पाकीट देऊन आले होते. मावशी गेली नव्हती. "माझ्याच गाईनं खरं बोलावं म्हणून मी लाच देऊ?" असं ती जावेला म्हणाली होती.

महाराजांनी तांबडीच्या तोंडापुढं हात धरला. "बोल, सत्यमूर्ती! तुझी मालकीण दुधात पाणी घालते?"

तांबडीनं मान डोलावली. एकदा नाही, दोनदा. वर जीभही बाहेर काढली.

"अगं ए भवाने!" मावशी किंचाळली. "पोटच्या पोरीसारखं वाढवलं गं तुला!"

जाऊ हळूच लांब सरकली. मावशीला रडू फुटलं. क्षणभर तिला स्वतःचाच संशय आला. विसळलेला कॅन नीट निथळला नव्हता की काय?

लसी टोचायला आलेल्या जनावरांच्या डॉक्टरबाई हे सगळं बघत होत्या. त्या पुढं झाल्या. "महाराज, तेवढे हात धुऊन परत विचारता?"

"हात धुतले की सिद्धी जाते!"

"साबणानं, की नुसत्या पाण्यानंसुद्धा?"

हशा पिकला. बाईंनी पाठ फिरवून आपल्या जेवणाच्या डब्यातलं मीठ तळहाताला चोळलं आणि हात तांबडीपुढं धरला. "काय गं, चेअरमन दुधात पाणी घालतात?"

तांबडीनं जोरजोरात मान डोलावली.

"जनावराला काय अक्कल असते!" चेअरमन ओरडले. सकाळपासून पहिल्यांदाच ते शहाण्यासारखं बोलले होते.

"तेच तर!" बाईंनी तळहात दाखवला. "हे मीठ. गाय मिठाला हपापलेली असते. हात वरखाली केला की मानही वरखाली होते. झाला होकार! नकार हवा असेल तर कानातले केस हळूच चाळवायचे." त्यांनी बोट लावलं आणि तांबडीनं माशी उडवावी तशी मान झटकली. "खोटं वाटत असेल तर महाराजांचा हात चाटून बघा."

चेअरमननी खरंच चाटला. "खारट आहे," ते म्हणाले.

महाराज तिथून जे सटकले ते सटकलेच. बाईंनी कपाटातला काटा मागवला. त्या सकाळी केंद्रात ठेवलेल्या मावशीच्या दुधात तो हवा तिथंच तरंगला. बाकीच्यांच्या दुधातही तसाच. प्लँटवरून परत आलेल्या कॅनमध्ये सोडला, तर भसकन खाली गेला. आता सगळे दूध प्लँटवर नेणाऱ्या टेम्पोवाल्याकडं बघायला लागले.

"आईशपथ, पाण्याचा थेंब घालत नाही मी!" तो कळवळून म्हणाला. "ऊन किती तापतंय! दूध नासू नये म्हणून नुसता बर्फ घालतो."

"कुठं घालतोस?"

"दुधात. आणखी कुठं?"

"आणि बर्फ वितळल्यावर काय होतं रे?"

टेम्पोवाल्यानं बराच विचार केला. "दूध गार होतं."

सगळे पोट धरधरून हसले. जाऊसुद्धा हसत हसत जवळ आली. मावशी तेवढी हसली नाही.

"हसताय काय? इतकी वर्षं मी इथं दूध घालते. माझ्यावर आळ आला तेव्हा गाईला विचारलंत, मला का नाही विचारलं? काटा दुधात बुडवायला काय धाड भरली होती?"

चेअरमन चपलेकडं बघत राहिले.

"संशय आला तर तपासा," मावशी डोळे पुसत म्हणाली. "ते जमत नसेल तर निदान माणसाला तोंडावर विचारा. गाय बिचारी मिठासाठी कुणाच्याही विरुद्ध साक्ष देईल."