झग्याचं माप

माझा दादा शिंपी. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या निम्म्या नवरदेवांचे कोट त्याच्या हातचे. नाकावर माशी बसू देणार नाही असा माणूस. कुणी शिलाईत खोट काढली तर महिनाभर अबोला. अशा माणसानं, प्रभूचा बाप्तिस्मा झाला त्या नदीत, सगळ्या यात्रेकरूंसमोर स्वतःच्या बायकोची फजिती करावी, याचा मला फार राग आला.

वहिनी आजारी होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं. दादाला ऐकायचंच नव्हतं. कुणी विषय काढला की तो शिलाई मशीन जोरात चालवायचा. वहिनीनं त्याच्याकडे एवढंच मागितलं होतं: एकदा पवित्र भूमी बघायची, आणि नवऱ्यानं शिवलेला पांढरा झगा घालून त्या नदीत बुडी घ्यायची. तोच झगा वाळवून घरी आणायचा आणि शवपेटीत निजवताना अंगावर घालायचा. पूर्वीचे यात्रेकरू असं करायचे, हे तिनं पाळकांकडून ऐकलं होतं.

"जाऊ या. झगाही शिवतो. बाकीचं बोलू नकोस," दादा म्हणाला होता.

औषधांची पिशवी सांभाळायला मी बरोबर. नवरा-बायकोच्या मध्ये नणंद कशाला, म्हणून बसमधली मंडळी मला चिडवायची. मीही ऐकून घेणारी नव्हते.

नदीवर इतरांनी भाड्याचे झगे घेतले. वहिनी मोठ्या तोऱ्यात घरचा झगा घालून उतरली. पाणी कमरेला लागलं आणि झगा फुगून वर आला, गळा खांद्यावरून घसरला, घेर पायांत अडकला. ती पडणार तोच बरोबर आलेल्या पाळकांनी तिला धरलं, पण पाण्याखाली न्यायला ते तयार होईनात. "उद्या निघण्याआधी पुन्हा येऊ, पण झगा नीट करून आणा," ते म्हणाले. "यात माझ्यासारख्या अजून दोघी मावतील," असं म्हणत वहिनी हसत बाहेर आली. मग टॉवेलमध्ये तोंड खुपसून रडली.

दुपारी हॉटेलच्या खोलीत मी दादाला फैलावर घेतलं. "परक्यांची मापं दोनदोनदा घेतोस. घरच्या बाईला टेप लावायला काय झालं होतं?"

"तिचं माप मला पाठ आहे."

"कधीचं?"

तो वाळत टाकलेल्या झग्याची घडी घालू लागला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं आजाराच्या आधीच्या वहिनीचा झगा शिवला होता. टेप लावली असती तर वहिनी किती उरली आहे ते त्याला बघावं लागलं असतं. इतका वेळ तोंड चालवल्याची मला लाज वाटली, आणि त्याची फार दया आली.

वहिनी पलंगाचा आधार घेऊन उभी राहिली. "घ्या माप," ती म्हणाली.

दादानं टेप काढली. खांदे, छाती, कंबर. कंबरेला टेपेची दोन टोकं भेटली आणि तो ती तशीच धरून उभा राहिला.

"बाह्या?"

"मनगटापर्यंत. हात फार वाळलेत, लोकांना दिसायला नकोत."

"बरं." झगा तिच्या अंगाला धरून टाचण्या लावता लावता, दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो तसं, सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "कधीपर्यंत हवाय?"

दादाचा हात शिवणीवरच थांबला. वहिनीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"उद्या नदीसाठी."

त्यानं वर पाहिलं. "आणि मग?"

इतक्या महिन्यांत हे त्यानं पहिल्यांदाच विचारलं.

"मग लवकरच लागेल हो," वहिनी म्हणाली.

दादानं मान हलवली. पलंगावर बसून तो शिवण उसवू लागला. पहिला टाका त्याला बराच वेळ सापडेना.

"तयार ठेवतो," तो म्हणाला.