शिडी चढणारा मॅक्रो

इकडेतिकडे शोधू नका. पडद्याच्या कोपऱ्यात ते हिरवं बटण दिसतंय ना, 'चल' असं लिहिलेलं, त्याच्या मागून मी बोलतोय. मी एक मॅक्रो. म्हणजे फार थोर काही नाही हो. संगणकाने कुठलं काम कसं करायचं ते ओळीने लिहून ठेवलेलं असतं. बटण दाबलं की तो निमूटपणे तसंच करतो. निमूटपणा त्याचा, बडबड माझी. दुकानात जन्मलोय, तोंड मिटून कसं चालेल?

दुकान बुटांचं, दोन भावांचं. थोरले ते दादा, धाकटे ते धाकटेशेठ. भिंतीला छतापर्यंत खोकी आणि खोक्यांना टेकलेली लाकडी शिडी. दादा खालून ओरडणार, "पाच नंबर, काळा, नाडीचा," आणि धाकटेशेठ वरून खोकं सोडणार. दादा ते झेलणार. काही गिऱ्हाइकं तर बूट सोडून ही कसरतच बघत बसायची आणि मग लाजेखातर एखादा जोड घेऊन जायची.

पुढे धाकटेशेठांचा गुडघा बिघडला. डॉक्टर म्हणाले, "शिडीला यापुढे लांबूनच नमस्कार करा." दादा वयाने मोठे, पण अंगाने काटकुळे, ते स्वतःच वर चढायला लागले आणि वरूनच विचारायला लागले, "शिडी चढायची नाही, तर दुकानात तू करणार काय? शोभेला बसणार?"

"शोभेला बसायला तोंडही तसं लागतं," धाकटेशेठांची बायको म्हणाली. घरचा आहेर असा असतो.

माणूस बिनकामाचा ठरला की दोन गोष्टी करतो: एक तर खोड्या काढतो, नाहीतर काहीतरी शिकतो. धाकटेशेठांनी दोन्ही केलं. पाय उशीवर, मांडीवर नातीचा संगणक, आणि दिवसभर मॅक्रो शिकवणारे व्हिडिओ. तेवढ्यातून मी झालो.

पहिल्यांदा मी ठार मठ्ठ होतो. संगणकावरच्या मालाच्या तक्त्यातला एक चौकोन उघडायचा, आत काय आहे ते बघायचं, माघारी यायचं, मग पुढचा चौकोन. त्यात धाकटेशेठ मला 'थांब' सांगायचं विसरले होते. मी आपला घाण्याच्या बैलासारखा फिरतोय, पडदा गोठलाय आणि ते बायकोला सांगतायत, "विचार करतोय तो."

"विचार करणारा माणूस मी घरात रोजच बघते," ती म्हणाली. "बंद कर ते."

अक्कल त्यांना दुकानातूनच आली. माल उतरवताना एकेक खोकं हातात घेऊन कोणी गाडीपासून दुकानापर्यंत फेऱ्या घालत नाही. ढकलगाडी भरतात आणि एका खेपेत सगळं आत आणतात. संगणकातही तशी ढकलगाडी असते. तिला म्हणतात अ‍ॅरे. सगळा तक्ता, उभ्या-आडव्या ओळींसकट, एकदम उचलून तिच्यात भरायचा. कोणाच्या पायाला कुठला नंबर, तो जोड कुठल्या फळीवर, ही सगळी जुळवाजुळव गाडीतच उरकायची आणि तयार माल परत एकाच खेपेत तक्त्यावर उतरवायचा. हे जमलं आणि मी सुटलोच. तुमची पापणी लवते तोवर माझं काम झालेलं असतं. हे फुशारकीने सांगतोय, मान्य आहे. पण स्वतःचा माल स्वतः वाखाणला नाही तर कोण वाखाणणार?

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. मी केलेलं 'मागे घे' म्हटलं तरी मागे येत नाही. माझ्याकडे विकलेला माल परत घेत नाहीत.

काम संपलं की एक छोटी चौकट उघडायची आणि चार शब्द बोलायचे, हेही धाकटेशेठांनी शिकवलं. शब्द त्यांचेच, खोडसाळ: "झालं, दादा. आता खाली उतरा."

दादांनी ते वाचलं आणि अट घातली. "शाळेचे बूट येतायत. सगळ्या पोरांना तुझ्या यंत्राने जोड काढून दिले तर तू दुकानात या खुर्चीत संगणक घेऊन बस, मी शब्द काढणार नाही. एक वर्ग जरी राहिला तरी घरी बसायचं आणि नात सांभाळायची. कबूल?"

"कबूल."

"आणि पोरांची यादी तक्त्यात मी भरणार. तुझ्या हाताची लबाडी नको."

दादांनी दोन बोटांनी, ओठ आवळून, कागदावरची सगळी यादी तक्त्यात भरली आणि मुलं यायची त्या दिवशी सकाळी दिली. पाठोपाठ शाळेच्या बाई मुलांची रांग घेऊन हजर. धाकटेशेठांनी बटण दाबलं, मी पळालो, चौकट उघडली, चिठ्ठ्या छापल्या. प्रत्येक चिठ्ठीवर मुलाचं नाव, बुटाचा नंबर, फळी. दादा चिठ्ठ्या बघून खोकी काढत गेले. पहिलीचा वर्ग नवे बूट घालून नाचायला लागला.

आणि चिठ्ठ्या संपल्या.

दादा शिडीवरून म्हणाले, "तुझं यंत्र पहिली पास झालं. दुसरीत नापास."

बाई म्हणाल्या, "काका, बाकीची मुलं मोजे सावरत बसली आहेत. शाळा सुटायच्या आत मला परत न्यायचंय. समोरच्या दुकानात विचारू का?"

"विचारा," दादा म्हणाले. मग धाकटेशेठांकडे बघून, जरा हळू आवाजात, "ऊठ आता. रिक्षा बोलावू का?"

धाकटेशेठ उठले नाहीत. "बाई, मुलांना एक गोष्ट सांगा. छोटीशीच," म्हणाले आणि तक्त्यावरून बोट फिरवत खाली आले. पहिलीचं शेवटचं नाव. त्याखाली एक ओळ कोरी. मग दुसरी. दुसरी संपली की पुन्हा एक ओळ कोरी.

दादांचा जुना नियम आहे. फळीवर एका नंबरचे जोड लावून झाले की एक खण रिकामा ठेवायचा. "परत येणाऱ्या जोडाला घर पाहिजे," असं ते म्हणतात. तोच नियम त्यांनी तक्त्यातही पाळला होता. आणि मला शिकवलेलं असं: पहिल्या नावापासून खाली उतरत जा, कोरी ओळ लागली की माल संपला, तेवढाच गाडीत भर. मी तेवढाच भरला.

धाकटेशेठांचं बोट खोडायच्या कळीवर गेलं. मी आतून म्हणतोय, उडवा शेठ, उडवा आणि चारचौघांत सांगा की घोळ दादांनी घातला. असा मोका परत येत नाही. पण बोट तिथेच थांबलं आणि मागे आलं.

"ओळ दादांची आहे, राहू दे," माझी शिकवणी बदलून लिहिता लिहिता ते पुटपुटले. "शिकायचं तुला आहे. वरून उतरू नकोस. पार तळाशी जा, जिथे काहीच नाही, आणि तिथून वर चढत ये. पहिलं नाव भेटेल तिथे आपला माल संपतो."

गंमत बघा. ज्याला शिडी चढता येत नव्हती, त्याने मला चढायला शिकवलं.

मी तळातून चढलो. सगळे वर्ग, मधल्या कोऱ्या ओळींसकट, ढकलगाडीत घेतले आणि उतरवले. छपाईयंत्र खडखडत सुटलं. बाईंनी पडद्यावरचं मोठ्याने वाचलं, "झालं, दादा. आता खाली उतरा," आणि अख्खी रांग शिडीकडे बघून हसली. दादांना हसू दाबताना खोकला आला.

खाली उतरून चिठ्ठ्या चाळताना ते थबकले. "ही कोरी कशाला?"

"तुमचीच आहे," धाकटेशेठ म्हणाले. "परत येणाऱ्या जोडाचं घर."

दादांनी पडद्याजवळ येऊन तक्ता पाहिला. आपल्या कोऱ्या ओळी पाहिल्या. नापास कोण आणि कशामुळे, ते त्यांना कळायला वेळ लागला नाही. इतकी वर्षं दुकान चालवलेला माणूस. तेवढ्यात दुसरीतली एक मुलगी लंगडत आली. "अंगठा दुखतो." दादांनी तिच्या बुटाचं टोक दाबून पाहिलं, खिशातलं पेन काढलं, कोऱ्या चिठ्ठीवर मोठा नंबर लिहिला आणि शिडी चढले. रिक्षाचा विषय पुन्हा निघाला नाही.

आता ती खुर्ची धाकटेशेठांची. माझ्या ओळींच्या वर त्यांनी एक वाक्य लिहून ठेवलंय, जे मी वाचत नाही, माणसांनीच वाचायचं: 'कोऱ्या ओळी खोडू नयेत.' माझंही तुम्हाला तेवढंच सांगणं. मॅक्रो लिहा, हवे तितके लिहा, पण माणसाची सवय खोडायच्या आधी आपण नीट शिकलोय का, ते बघा.

परवा धाकटेशेठ डॉक्टरांकडे गेले होते. दुकानात दादा एकटे. शिडीची खालची पायरी चढले, गुडघ्यावर हात ठेवून थांबले आणि उतरले. रस्त्याकडे एकदा पाहिलं, कोणी बघत नाही ना. मग खुर्चीपाशी येऊन एका बोटाने, गरम तवा असावा तसं, माझं बटण दाबलं.

मी नेहमीचंच बोललो. "झालं, दादा. आता खाली उतरा."

दादांनी ते दोनदा वाचलं आणि कोपऱ्यातलं स्टूल ओढून धाकटेशेठांच्या खुर्चीला लावून ठेवलं.