वाहक म्हणजे कोण?

जीवशास्त्राच्या बाईंचा वर्ग जेवणाच्या टेबलावर भरायचा. लॅपटॉपखाली दोन जाडजूड शब्दकोश, मागे पडदा, आणि पडद्यामागे चार दिवसांचे घडी न केलेले कपडे, असा एकूण थाट. लॅपटॉपच्या स्क्रीनवर अडतीस चौकटी. सदतीस चौकटींत तोंडं, आणि एका चौकटीत नुसता अंधार. त्या मुलीला सगळे 'कॅमेराबंद' म्हणायचे. वर्षभरात ती "हजर, बाई" याच्यापुढे गेली नव्हती.

आजचा धडा होता जनुकं आणि नीती. आपल्या रक्तात काय लिहिलंय ते आता वाचता येतं, हे ठीकच. पण ते वाचायचं कुणी, आणि सांगायचं कुणाला? पुस्तकात हा सगळा मामला दीड पानात उरकला होता. बाईंच्या घरात मात्र तो आठ दिवस ठाण मांडून बसला होता.

झालं होतं असं. सारखं थकायला होतं म्हणून बाईंनी रक्त तपासून घेतलं, आणि त्या रक्ताच्या एका आजाराच्या वाहक निघाल्या. त्यांना स्वतःला धोका काडीचा नव्हता. पण हे आलं होतं आई किंवा वडिलांकडून, म्हणजे धाकट्या भावातही असण्याची शक्यता निम्मी. आणि भाऊ वाहक असला, त्याची होणारी बायकोही वाहक निघाली, तर त्यांच्या प्रत्येक मुलाला तो आजार होण्याची शक्यता चारात एक. मग त्या पोराच्या नशिबी जन्मभर दर महिन्याला दुसऱ्याचं रक्त. आणि भावाचं लग्न तीन आठवड्यांवर आलेलं!

भाऊ बसमध्ये कंडक्टर. त्याच्या बिल्ल्यावरही लिहिलेलं काय, तर 'वाहक'. बाईंनी रिपोर्ट पुढे केला तेव्हा तो आधी खो खो हसला. "ताई, मी चौदा वर्षं वाहकच आहे. बिल्ला दाखवू?" मग रिपोर्ट नीट वाचला आणि त्याचं हसू मावळलं. "मला तपासायचं नाही. आणि तिला एक अक्षर बोललीस तर माझी शपथ आहे तुला."

ती म्हणजे चष्म्याच्या दुकानातली. तिचं दुकान भावाच्या रूटवर चौथ्या थांब्याला, पण ही बया सहा महिने शेवटच्या थांब्याचं तिकीट काढत होती. शेवटी कंडक्टरच्या डोक्यात प्रकाश पडला. उशिरा पडला, पण पडला. आता तिला सांगावं तर शपथ मोडते, न सांगावं तर तिची फसवणूक होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाईंना आठ दिवस जेवण गोड लागत नव्हतं.

"हं, वाहक म्हणजे काय, स्वतःच्या शब्दांत कोण सांगेल?" बाईंनी विचारलं.

वर्गात एक 'चटपट' होता. त्याचं तोंड डोक्याच्या आधी धावायचं. "बाई, जो स्वतः गाडी चालवत नाही, पण पुढच्याला तिकीट देतो, तो वाहक!"

सगळ्या चौकटी हसून हसून आडव्या झाल्या. बाईंनी डोळे वटारायला हवे होते, पण त्यांनाच हसू आवरेना. "अरे गाढवा, हे बरोबर आहे की! स्वतःला काही त्रास नाही, फक्त पुढच्या पिढीला तिकीट देतो."

हसता हसता त्यांची नजर वहीकडे गेली. वहीखालून भावाचा बिल्ला डोकावत होता. आजही विसरून गेला, धांदरट कुठला! आणि का कोण जाणे, बाईंच्या जिभेला पाय फुटले.

"समजा," त्या म्हणाल्या, "एक बहीण आहे. तिचा भाऊ बँकेत आहे." इथे त्यांना आपण फार हुशार आहोत असं वाटलं. मग त्यांनी सगळं सांगून टाकलं: रिपोर्ट, लग्न, शपथ. "आता बहिणीनं होणाऱ्या वहिनीला सांगावं की नाही?"

वर्ग पेटला. एक मुलगी म्हणाली, लग्न दोघांचं, मग रिपोर्ट एकाचाच कसा? चटपट म्हणाला, शपथेनं कुणी मरत नाही, बाई, मी रोज दहा घेतो. शेवटी हात वर करायला सांगितले. सांगावं, सदतीस. बाईंच्या छातीवरचा धोंडाच उतरला. चला, निकाल लागला! वर्ग संपला की चष्म्याच्या दुकानात फोन लावायचा, असं त्यांनी मनात पक्कंही केलं.

"बाई, मी एक विचारू?"

अंधाऱ्या चौकटीतून आवाज आला. सगळा वर्ग चपापला.

"विचार ना, बाळ."

"त्या बहिणीनं हे आम्हाला सांगण्याआधी भावाला विचारलं होतं का?"

"अगं, ही आपली 'समजा'ची गोष्ट आहे."

"'समजा'च्या गोष्टीत तुम्ही दोनदा 'आमचा' म्हणालात, बाई."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! दीड पानाचा धडा शिकवता शिकवता त्यांनी भावाचं रक्त अडतीस घरांत वाटून टाकलं होतं. आणि चटपट मधेच ओरडला, "बाई, तुमच्या मागे कोण उभंय?"

पडद्याशेजारच्या दारात भाऊ उभा होता, खाकी गणवेशात. बिल्ला न्यायला परत आला होता आणि कधीचा ऐकत होता.

"वा, ताई! सदतीस मतांनी निवडून आलो की मी."

"चुकलं रे माझं." बाई खुर्चीतून उठल्या. "तुला न विचारता मी हे…"

"काका, तुम्ही खरेखुरे वाहक?" चटपटला राहवलं नाही.

भाऊ चिडलेला होता, पण प्रवाशानं विचारलं की उत्तर द्यायची चौदा वर्षांची सवय. "हो. आणि तू सांगितलंस ते अर्धवट आहे. वाहक कुणाच्याही हातात असंच तिकीट कोंबत नाही. आधी विचारतो, कुठं जायचंय…"

तो बोलता बोलता थांबला. आपल्याच तोंडून काय निघालं ते त्याला आता ऐकू आलं.

भावानं खुर्ची ओढली आणि मटकन बसला. "ताई, ती नाही म्हणाली तर? अडतीस वर्षांत एकच बाई माझ्यासाठी शेवटच्या थांब्यापर्यंत बसली गं."

आज बाईंचं बोलून झालं होतं, गरजेपेक्षा जास्तच.

भावानं फोन काढला. रिंग वाजायला लागली तशी अंधारी चौकट ओरडली, "बाई, माइक! माइक बंद करा!"

बाईंनी माइक बंद केला, मग लॅपटॉपच मिटला. मग स्वयंपाकघरात जाऊन दार लावलं आणि नळ सोडला, धो धो, म्हणजे चुकूनही एक शब्द कानावर पडायला नको. स्वच्छ भांडी दोनदा घासून झाली. पण बाईंनी दाराला कान लावला नाही. त्यांच्या आयुष्यात हे पहिल्यांदाच घडत होतं.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. भावानं बिल्ला छातीवर लावला होता, वाकडा. डोळे लाल. बाईंनी नळ बंद केला आणि प्रश्न तोंडातल्या तोंडात दाबून धरला.

"विचार की," भाऊ म्हणाला.

"तुला सांगायचं असेल तर सांग."

"सगळं सांगितलं तिला. शेवटी म्हटलं, मी उद्या रक्त तपासायला जातोय. तुला कुठं जायचंय ते तू सांग." त्यानं बाहीनं नाक पुसलं. "किती वेळ गप्प होती, ताई! मला वाटलं, उतरली."

"मग?"

"म्हणाली, दोन फुल द्या. हाफचं नंतर बघू."